चढलेलीच वाट, पण उतरताना

कातळाच्या तिरक्या पाटीवर मध्येच अडकून बसलेला माणूस डोंगरात बऱ्याचदा दिसतो. दोन तासांपूर्वी त्याच पाटीवरून तो सरसर वर गेलेला असतो. आता मात्र पंजे कातळाला चिकटलेले, गुडघे थरथरताहेत, एक पाय खाली काहीतरी चाचपडतोय आणि त्याला काही सापडत नाही. पाटी तीच, तिचा उतार तोच, बूटही तेच. मी स्वतः अशा जागी बसून राहिलो आहे, आणि तेव्हा पडलेला प्रश्न अजून पाठ सोडत नाही: चढताना जे सहज जमलं, ते उतरताना इतकं अवघड का होतं? उत्तर शोधत मी आधी भौतिकशास्त्रात शिरलो, मग स्नायूंमध्ये आणि शेवटी डोळ्यांत.

ज्याला स्क्रॅम्बलिंग म्हणतात ते चालणं आणि प्रस्तरारोहण यांच्या मधलं. पायांनी भागत नाही, हात लावावेच लागतात, पण दोर सहसा नसतो. अमेरिकेतल्या योसेमिटी पद्धतीत वाटांचे 5 वर्ग आहेत. पहिला साध्या चालीचा, पाचवा खऱ्या प्रस्तरारोहणाचा. तिसऱ्या वर्गात हात लागतात, आणि चौथ्यात पडलं तर जिवावर बेतू शकतं. ब्रिटनमध्ये स्क्रॅम्बलच्या 3 श्रेणी मानतात. या आकड्यांचा उपयोग आहे, पण आज कातळ ओला आहे का, सहा तास चालून तुमच्या मांड्या किती थकल्या आहेत, हे कुठलीच श्रेणी सांगत नाही.

आता पाटीकडे. तिरक्या कातळावर तुम्ही उभे राहता तेव्हा वजनाचे दोन भाग पडतात. एक भाग बुटाला कातळावर दाबतो, दुसरा त्याला उतारावरून खाली ओढतो. दाबामुळे घर्षण मिळतं, आणि ते ओढीपेक्षा जास्त असेल तोवर पाय टिकतो. ओढ आणि दाब यांचं गुणोत्तर फक्त उताराच्या कोनावर ठरतं, तुमच्या वजनावर नाही. 30 अंशांच्या उतारावर ते साधारण 0.58 असतं, 40 अंशांवर 0.84 आणि 45 अंशांवर बरोबर 1. बूट आणि कातळ यांच्यातला घर्षण गुणांक, म्हणजे दाबाच्या किती पट घर्षण मिळू शकतं तो आकडा, त्याहून मोठा हवा. कोरड्या, खरखरीत कातळावर चांगलं रबर 1 च्या आसपास पोचतं, म्हणून धट्टाकट्टा माणूस 35 अंशांच्या कोरड्या पाटीवर बिनदिक्कत उभा राहू शकतो.

मग घसरतो का? कारण तो उभा राहत नाही. भीती वाटली की शरीर आपोआप कातळाकडे झुकतं आणि पंजे टेकवतं. हा सगळा भाग मला फार महत्त्वाचा वाटतो, म्हणून हिशेबच मांडतो. टेकवलेले पंजे कातळावरचा काही दाब स्वतःकडे घेतात, तेवढा पायांवरचा दाब कमी होतो. पण गुळगुळीत पाटीवर नुसते टेकवलेले पंजे खाली ओढणाऱ्या बलाला फारसं अडवत नाहीत, ती ओढ जवळजवळ पूर्ण पायांवरच राहते. समजा 35 अंशांची पाटी आहे आणि पंजांनी एक चतुर्थांश दाब घेतला. पायांना लागणारा घर्षण गुणांक 0.70 वरून 0.93 वर जातो. म्हणजे कातळ 35 अंशांचाच असतो, पण पायांपुरता तो 43 अंशांचा झालेला असतो. जीव वाचवायला म्हणून शरीर जे करतं, त्यानेच पाय सुटायला लागतो. (खाचेत बोटं अडकवून खालच्या दिशेने जोर लावला तर गोष्ट वेगळी. तिथे हात खरोखर ओढीचा वाटा उचलतात.)

चढताना ही चूक खपून जाते, कारण तोंड कातळाकडे असतं, शरीर वर सरकत असतं आणि नजर पुढच्या खाचेवर असते. उतरताना तीच चूक उलटी होऊन येते. दरी समोर दिसते, माणूस मागे रेलतो, बूड टेकवतो, मागे हात टेकवतो. दाब बुडावर आणि हातांवर गेला, पाय हलके झाले, आणि टाचा पुढे सटकल्या. मुरमाच्या वाटेवर आपटणारी माणसं बहुतेक पाठीवरच का आपटतात, याचं कारण हेच. उपाय सांगायला सोपा आणि करायला अवघड आहे: गुडघे थोडे वाकवायचे, शरीराचा भार पावलांच्या सरळ वर ठेवायचा, नाक बुटाच्या टोकावर येईल इतकं पुढे यायचं. पहिली दहा पावलं सगळं शरीर विरोध करतं. अकराव्या पावलाला बुटाची पकड अचानक जाणवते, आणि ही जाणीव ज्याला एकदा मिळाली तो ती विसरत नाही.

उतरताना आणखी एक भार वाढतो. प्रत्येक पाऊल खाली पडताना शरीराला थोडा वेग आलेला असतो. पायाला नुसतं धरून ठेवायचं नसतं, थांबवायचंही असतं, आणि थांबवायला लागणारं बलही त्याच घर्षणातून येतं. म्हणून धपधप उतरणारा घसरतो, आणि लहान पावलं टाकत, पाय ठेवल्यावरच भार देत उतरणारा टिकतो.

बुटाच्या तळव्याचा इतिहास या वाटांशी दुःखाने जोडलेला आहे. 1935 मध्ये आल्प्समधल्या पुंता रासिका या शिखरावर सहा गिर्यारोहक मरण पावले. खराब हवामानात ते अडकले आणि त्यांचे बूट त्या परिस्थितीसाठी पुरेसे नव्हते. त्यांचे साथी विताले ब्रामानी यांनी त्यानंतर खाचाखाचांच्या रबरी तळव्याचा ध्यास घेतला आणि 1937 मध्ये त्याचं पेटंट घेतलं. विब्राम हे नाव त्यांच्याच नावाच्या अक्षरांतून आलं. शाळेत शिकलेला नियम सांगतो की घर्षण स्पर्शाच्या क्षेत्रफळावर अवलंबून नसतं. रबर तो नियम पाळत नाही. ते मऊ असतं, भाराखाली कातळाच्या कणाकणांत शिरतं, आणि तळव्याचा जितका भाग टेकेल तितकी पकड वाढते. म्हणून गुळगुळीत पाटीवर चवड्यांवर उभं न राहता टाच खाली सोडायची.

ओलाव्यापुढे हे सगळं गणित कोलमडतं. पाण्याचा पातळ थर रबराला कातळापर्यंत पोचूच देत नाही. दगडफूल कोरडं असताना खरखरीत असतं, भिजलं की साबणासारखं होतं. आणि कोरड्या पाटीवर पसरलेले बारीक खडे बुटाखाली गोट्यांसारखे गडगडतात. घसाऱ्याचं शास्त्र तर वेगळंच. कड्यावरून सुटलेले दगड खाली साचत जातात आणि ढीग साधारण 35 अंशांच्या आसपास येऊन थांबतो. त्याहून तीव्र झाला की तो स्वतःच घसरून पुन्हा त्या कोनावर येतो. म्हणजे घसारा कायम आपल्या मर्यादेच्या टोकावर तोललेला असतो, आणि तुमचं पाऊल हा त्याच्यावरचा जादा भार असतो. अशा ठिकाणी एकाच्या डोक्यावर दुसरा येईल असं सरळ रांगेत कधी उतरू नये.

आता स्नायू. चढताना मांडीचे पुढचे स्नायू आखडत काम करतात. उतरताना ते ताणले जात असतानाच भार पेलतात, ब्रेकसारखे. या कामाला प्राणवायू कमी लागतो, धाप लागत नाही, म्हणून उतरण सोपी वाटते. पण ताणले जाताना जोर लावल्याने स्नायूंच्या तंतूंना सूक्ष्म इजा होते. दुखणं एक ते तीन दिवसांनी शिगेला पोचतं, त्यामुळे लोक ते दुसऱ्या दिवसाचं दुखणं समजतात. स्नायूंची ताकद मात्र उतरतानाच घटलेली असते, आणि त्याबरोबर गुडघा नेमका किती वाकला आहे याचा अंदाजही बिघडतो. धाप लागली की माणूस थांबतो. ही झीज कुठलाच इशारा देत नाही. चांगली गोष्ट एवढीच की शरीर शिकतं: एकदा नीट उतरण केली की पुढचे काही आठवडे तेवढ्याच उतरणीने इजा बरीच कमी होते. म्हणून मोठ्या वाटेच्या दोन-तीन आठवडे आधी एखादी छोटी उतरण करून ठेवावी.

चढाईचा हिशेबही उतरणीवरच येऊन पडतो. शरीर आणि पाठपिशवी मिळून 80 किलो असेल, तर 1,000 मीटर वर चढवायला सुमारे 187 किलोकॅलरी लागतात. स्नायू मिळालेल्या ऊर्जेतला जेमतेम चौथा हिस्सा कामाला लावतात, म्हणजे शरीर खर्च करतं 750 च्या आसपास, आणि त्यातली सुमारे 560 उष्णता होऊन बाहेर पडते. ती फक्त घामानेच घालवायची म्हटली तर जवळजवळ एक लिटर घाम लागतो. शिखरावर पोचलेला माणूस असा आधीच कोरडा झालेला असतो, आणि अवघड काम अजून बाकी असतं.

डोळ्यांचा भाग मला सगळ्यात चकित करतो. चढताना खाच आधी नजरेसमोरून जाते, मग हाताखालून, मग पायाखाली येते. पाय पोचेपर्यंत ती पाहिलेली आणि चाचपलेली असते. उतरताना क्रम उलटतो: पाय पहिल्यांदा जातो, तोही जिथे स्वतःच्याच पोटामुळे आणि गुडघ्यांमुळे दिसत नाही तिथे. आणि तोल सांभाळायला आपण नकळत जवळच्या स्थिर वस्तूंचा आधार घेतो. शरीर थोडं डोललं की जवळची वस्तू नजरेत सरकते आणि मेंदू तोल सावरतो. डोंगराच्या उघड्या धारेवर जवळ काहीच नसतं. शंभर मीटर खालचं झाड तुमच्या डोलण्याने सरकल्यासारखं दिसत नाही, म्हणून शरीर आणखी डोलतं आणि चक्कर आल्यासारखं वाटतं. हा मनाचा दुबळेपणा नाही. हातभर अंतरावरच्या कातळाकडे पाहा, काही क्षणांत पाय स्थिर होतात. तीव्र जागी तोंड कातळाकडे करून उतरण्याचा फायदाही काही अंशी हाच आहे.

वेळेबद्दल थोडक्यात. स्कॉटिश गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांनी 1892 मध्ये सांगितलेला ठोकताळा अजून चालतो: दर 5 किलोमीटरला एक तास आणि दर 600 मीटर चढाईला आणखी एक. पण तो चालण्यासाठी आहे. हात लावायच्या वाटेवर तो लावला तर अंधार हमखास वाटेतच गाठतो. दुपारी तापलेल्या हवेतून ढग वाढतात, तेव्हा वीज दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजून 3 ने भागा, तेवढे किलोमीटर ती दूर आहे. मोजलेले सेकंदच 30 च्या आत आले तर धार सोडायला उशीरच झालेला असतो.

एक सवय मात्र मी कुठल्याही वाटेवर सोडत नाही. अनोळखी कातळाला भिडताना दोन-तीन हालचाली वर करायच्या, थांबायचं, आणि त्याच हालचाली करत पुन्हा खाली जमिनीवर यायचं. हातापायांपैकी तीन टेकलेले, चौथा सरकता. खाली येताना पाय कुठे सापडला, कुठल्या खाचेत मावला, हे तेव्हाच कळतं, मांड्या ताज्या असताना आणि पडलं तर कमरेइतक्याच उंचीवरून पडण्याची वेळ असताना. पाच मीटरवरून पडणारा माणूस ताशी 36 किलोमीटरच्या आसपास वेगाने आपटतो, आणि पाच मीटर म्हणजे अशा कातळावरच्या सात-आठ हालचाली.