ड्रमच्या तळाशी उरलेले खत

जालना जिल्ह्यातल्या मोसंबीच्या बागेत ठिबकमधून खत सोडण्याआधी ते पाण्यात विरघळवून घ्यावे लागते. बादलीत युरिया टाकून हात बुडवला की पाणी एकाएकी गार झालेले जाणवते. युरियाचे स्फटिकात घट्ट बांधलेले रेणू सुटे करायला जेवढी ऊर्जा खर्च होते, तेवढी ते पाण्याशी जोडले जाताना परत मिळत नाही. ही तूट पाणी स्वतःच्या उष्णतेतून भरून काढते. मिठासारख्या क्षारात मात्र रेणूंऐवजी विद्युतभारित आयन असतात. पाण्याच्या रेणूची ऑक्सिजनकडची बाजू किंचित ऋण व हायड्रोजनकडची किंचित धन असल्याने पाणी त्या आयनांना चहूबाजूंनी वेढून स्फटिकापासून ओढून घेते.

ढवळल्याने किंवा खडे बारीक केल्याने विरघळण्याचा वेग वाढतो, पण मर्यादा तीच राहते. 20 अंश सेल्सिअसला 100 ग्रॅम पाण्यात सुमारे 36 ग्रॅम मीठ मावते. त्यावरचे कितीही ढवळले तरी तळाशीच राहते. मिठाची ही मर्यादा तापमानाने फारशी बदलत नाही. 13:0:45 या आकड्यांनी ओळखल्या जाणाऱ्या पोटॅशियम नायट्रेटचे मात्र तसे नाही. 100 ग्रॅम पाण्यात ते 20 अंशांना सुमारे 32 ग्रॅम, तर 10 अंशांना जेमतेम 21 ग्रॅम विरघळते. म्हणूनच दुपारी तयार केलेल्या दाट द्रावणात पौषातल्या थंड पहाटे खडे साचलेले दिसले, तर लगेच भेसळीची शंका घेऊ नये.

याहून अवघड गोष्ट दोन खते एकत्र करताना घडते. कॅल्शियम नायट्रेट आणि पोटॅशियम सल्फेट ही दोन्ही खते पाण्यात विरघळणारी आहेत, तरी एकाच ड्रममध्ये त्यांची दाट द्रावणे मिसळली की पांढरा साका बसतो. एकाचे कॅल्शियम आणि दुसऱ्याचे सल्फेट मिळून जिप्सम बनते, आणि ते 100 ग्रॅम पाण्यात जेमतेम पाव ग्रॅम विरघळते. कॅल्शियमचे खत वेगळे सोडावे हा सल्ला त्यासाठीच दिला जातो.

बोअरचे पाणी जड असेल तर खत नसतानाही ड्रिपरची तोंडे बुजतात. त्या पाण्यात कॅल्शियम बायकार्बोनेट असते, आणि ते कार्बन डायऑक्साइडच्या आधारानेच विरघळलेले असते. उन्हात काळी नळी तापली, की हा वायू निघून जातो आणि कॅल्शियम कार्बोनेटचा थर मागे राहतो. सौम्य आम्ल सोडल्यावर तोच थर वायूचे बुडबुडे सोडत पुन्हा विरघळतो.