सामूहिक वाचन आणि ग्रंथोत्सव

एकच पुस्तक अनेकांनी एकाच सुमारास वाचायचे, किंवा एकाने वाचायचे आणि बाकीच्यांनी ऐकायचे, आणि मग त्यावर बोलायचे, याला सामूहिक वाचन म्हणतात. मनातल्या मनात वाचणे आज इतके अंगवळणी पडले आहे की, वाचन ही चारचौघांत बसून करायची गोष्ट होती याचा विसर पडतो.

याचे ठळक उदाहरण क्यूबातले. हवानाच्या सिगार कारखान्यांत १८६५ पासून वाचक (स्थानिक शब्द 'लेक्तोर') नेमण्याची प्रथा पडली. कामगार तंबाखूची पाने वळत बसत आणि उंच आसनावरून एक जण वर्तमानपत्र, कादंबरी वाचून दाखवी. त्याचे पैसे मालक देत नसे. कामगार आपल्या मजुरीतून वर्गणी काढत, म्हणून पुस्तक कोणते हेही तेच ठरवत. लिहिता-वाचता न येणाऱ्याचेही पुस्तकाबद्दल मत असे. सरकारने याची धास्ती घेतली आणि १८६६ मध्ये बंदी घातली, पण प्रथा टिकली. 'मोंतेक्रिस्तो' या सिगारचे नाव अशाच एका लाडक्या कादंबरीवरून पडले, असे सांगतात.

'एक शहर, एक पुस्तक' हे याचे अलीकडचे रूप. १९९८ मध्ये सिॲटल येथे ग्रंथपाल नॅन्सी पर्ल यांच्या पुढाकाराने ते सुरू झाले. २००१ मध्ये शिकागोने ते उचलले. ग्रंथालय एका पुस्तकाच्या भरपूर प्रती घेते, चर्चेसाठी प्रश्न काढते, गट जमवते. खरी कसोटी निवडीची. न्यूयॉर्कमध्ये २००२ साली पुस्तक कोणते यावरूनच आयोजकांत फाटले. तसे पाहता हा वादही वाचनाचाच भाग म्हणायचा. कोणालाच न खुपणारे पुस्तक निवडले तर गटात बोलायला फारसे उरत नाही.

ग्रंथोत्सवाची गोष्ट वेगळी. फ्रँकफर्टचा मेळा (१९४९ पासून आजच्या रूपात) मुख्यतः प्रकाशकांचा, पुस्तके छापण्याच्या आणि अनुवादाच्या हक्कांच्या खरेदी-विक्रीचा बाजार आहे. एडिंबरा (१९८३) आणि वेल्समधील हे-ऑन-वाय (१९८८) येथील उत्सव मात्र लेखक-वाचक भेटीचे. हे-ऑन-वाय हे लहानसे गाव जुन्या पुस्तकांच्या दुकानांमुळे आधीच प्रसिद्ध होते. उत्सव त्यावर उभा राहिला. जिथे वाचणारे आधीपासून आहेत तिथे उत्सव रुजायला सोपा जातो. नुसता मांडव घालून वाचक तयार होत नाहीत. किती लोक आले, किती प्रती खपल्या हे मोजता येते. घरी नेलेले पुस्तक उघडले गेले का, हे मोजता येत नाही, आणि नामवंत चेहऱ्यांभोवतीची गर्दी त्याचा पुरावा नव्हे. लहान प्रकाशकाला आणि अनुवादित पुस्तकाला मात्र अशा ठिकाणी वाचक समोरासमोर भेटतो. दुकानाच्या फळीवर त्यांना सहसा जागा नसते.

उत्सव चार दिवसांत उठतो. वाचनगट महिन्याला एकदा भेटतो, दहा-बारा जणांपलीकडे तो फारसा वाढत नाही, आणि पुस्तक अर्धेच वाचून आलेलाही त्यात बसतो.