सरकवलेल्या बैजिक संख्यांमधली गुणाकारी नाती: पार्श्वभूमी

√२ मध्ये ०, २, ३ आणि १० मिळवून होणाऱ्या चार संख्या घ्या. (१०+√२)(२+√२) = २२+१२√२. दुसरीकडे (√२)²(३+√२)² = २(११+६√२), म्हणजे तेच उत्तर. सगळेच शून्य नाहीत असे पूर्णांक घातांक चढवून गुणाकार १ करता आला, की त्या संख्या गुणाकाराने परस्परावलंबी ठरतात. या चौघी तशा आहेत.

हा प्रश्न महत्त्वाचा झाला तो झीटा फलनांमुळे. रीमानचं झीटा फलन म्हणजे १, २, ३… यांच्या एकाच घाताचे व्यस्त मिळवून होणारी बेरीज; तो घात म्हणजे फलनाचं चल. हुर्विट्झच्या फलनात १, २, ३… यांच्या जागी अ, १+अ, २+अ… अशा सरकवलेल्या संख्या येतात. चलाचा वास्तव भाग १ पेक्षा मोठा असेल तिथे रीमानच्या झीटा फलनाला एकही शून्य नसतं. हुर्विट्झच्या फलनाला मात्र तिथेच अनंत शून्यं असतात, हे डॅव्हनपोर्ट आणि हाइलब्रॉन या गणितज्ञांनी १९३६ साली दाखवलं, पण अ परिमेय (१/२ आणि १ सोडून) किंवा बीजातीत, म्हणजे पूर्णांक सहगुणकांच्या कुठल्याच बहुपदीचं मूळ नसलेला, असताना. बीजातीत अ साठी मुख्य अडचण एका ओळीत सुटते: न+अ (न = ०, १, २…) या संख्यांमध्ये गुणाकारी नातं असतं, तर अ हे पूर्णांक सहगुणकांच्या बहुपदीचं मूळ ठरलं असतं. नातं नाही म्हणून बेरजेतल्या प्रत्येक पदाची कला, म्हणजे संमिश्र प्रतलातली दिशा, हवी तशी फिरवता येते.

अ बैजिक (म्हणजे अशा बहुपदीचं मूळ) आणि अपरिमेय असला की हे मोडतं, कारण नाती खरोखरच असतात. १९६१ मध्ये गणितज्ञ कॅसेल्सनी या नात्यांना बगल दिली. पुरेशा मोठ्या संख्येपासून सुरू होणारा, तिच्या दशलक्षांशाएवढ्या लांबीचा टप्पा घ्या. त्यातल्या किमान ५१ टक्के न+अ पदांना स्वतःचा असा अविभाज्य आयडियल (अशा संख्यांच्या जगात अविभाज्य संख्येचं काम करणारा भाजक) मिळतो, जो टप्प्याच्या शेवटापर्यंतच्या दुसऱ्या कुठल्याही पदाला भागत नाही. ती पदं मोकळी, म्हणजे त्यांची कला हवी तशी फिरवता येते; उरलेली ४९ टक्के नात्यांनी जखडलेली असली तरी चालतं. आकडा ५१ च का? मोकळ्यांचं बहुमत हवं, एवढंच. युक्ती इतकी साधी वाटते की तिचं श्रेय कमीच दिलं जातं.

मग जखडलेल्यांचं काय? ड्रुंगिलास आणि दुबिकास यांनी २००३ मध्ये दाखवलं की वर्गीय (√२ सारख्या, द्विघाती समीकरणाचं मूळ असलेल्या) बैजिक संख्येत कितीही मोठ्या पूर्णांकापासून पुढचे सगळे पूर्णांक मिळवले, तरी तो संच परस्परावलंबीच राहतो. घनीय (त्रिघाती समीकरणाचं मूळ असलेल्या) संख्येसाठी त्यांना पूर्णांकांऐवजी परिमेय संख्या मिळवाव्या लागल्या.

वर्गीय प्रकरण हातानेही तपासता येतं. (क+√२)(ख−√२) = कख−२+(ख−क)√२. ख−क हा ख²−२ चा भाजक असेल, तर तो पूर्ण बाहेर निघतो आणि आत पुन्हा पूर्णांक+√२ उरतो. ख=४ घ्या: ४²−२=१४. क=३ ठेवल्यास गुणाकार १०+√२, क=२ ठेवल्यास २(३+√२). दोन्हींतून ४−√२ काढून टाकला की सुरुवातीचं नातं तयार. इथे चूक होते ती बाहेर पडलेल्या भाजकाशी. २ हा (√२)² असल्याने खपून गेला; ७ निघाला असता तर ७ = (३+√२)(३−√२), म्हणजे संयुग्मी (√२ ऐवजी −√२ असलेली संख्या) पुन्हा दारात. आणि फक्त मोठेच पूर्णांक मिळवायचे असतील तर √२ सुद्धा वापरता येत नाही.

उलट बाजूने पाहिलं तर चित्र वेगळं दिसतं. दुबिकास आणि शा यांचा २०१८ चा निष्कर्ष असा: ठरावीक, एकमेकींहून भिन्न बैजिक संख्या घेऊन सगळ्यांत एकच पूर्णांक मिळवत गेलं, तर पुरेशा मोठ्या पूर्णांकानंतर त्या कायम स्वतंत्र, म्हणजे परस्परावलंबी नसलेल्या, राहतात. विरोधाभास नाही, इथे संख्या किती ते आधीच ठरलेलं आहे, ड्रुंगिलास आणि दुबिकास यांच्या निष्कर्षात हव्या तितक्या घेता येतात. साध्या पूर्णांकांतही हे दिसतं: ६ चा फरक असलेल्या (म्हणजे ० आणि ६ मध्ये एकच पूर्णांक मिळवून होणाऱ्या), १ पेक्षा मोठ्या संख्यांच्या परस्परावलंबी जोड्या दोनच, (२, ८) आणि (३, ९).