पर्जन्यमानातील अनियमितता व कोरडवाहू शेती

पावसाचे आगमन, एकूण प्रमाण, दोन पावसांमधील खंड आणि माघारीचा काळ यांत वर्षागणिक होणाऱ्या चढउतारांना पर्जन्यमानातील अनियमितता म्हणतात. महाराष्ट्रात लागवडीखालील सुमारे चार पंचमांश क्षेत्र कोरडवाहू असल्याने तिचा परिणाम येथे तीव्रतेने जाणवतो. त्यातही सोलापूर, बीड आणि साताऱ्यातील माण-खटाव अशा अवर्षणप्रवण भागांत अधिक.

वार्षिक सरासरीचा आकडा याबाबतीत बराच फसवा ठरतो. मृगाच्या सरींवर पेरणी उरकली आणि पुढे पंधरा-वीस दिवस उघडीप राहिली, तर रोपे करपून दुबार पेरणीची वेळ येते; म्हणूनच 75 ते 100 मिमी. पाऊस होऊन पुरेशी ओल झाल्याशिवाय पेरू नये, असा सल्ला कृषी विद्यापीठे देतात. तोच खंड ऑगस्टमध्ये पडल्यास सोयाबीनची फुले गळतात, तर काढणीच्या वेळी झड लागल्यास, 2019 च्या ऑक्टोबरअखेरीस झाले त्याप्रमाणे, कापून ठेवलेल्या पिकालाही कोंब फुटतात. उत्पादन बुडवणाऱ्या अशा वर्षांतही एकूण पाऊस सरासरीइतका भरू शकतो.

रब्बी ज्वारीचे गणित वेगळे आहे. मालदांडीसारखे वाण उत्तरा-हस्ताच्या पावसाने भारी काळ्या जमिनीत साठलेल्या ओलीवर, एकही पाणी न देता पिकते. हलक्या मुरमाड रानात मात्र तोच पाऊस फार काळ टिकत नाही. या ओलीच्या जपणुकीवर सोलापूर येथे 1933 पासून संशोधन झाले आहे.

तुटीचा परिणाम त्या हंगामापुरता राहत नाही. चाऱ्याअभावी बैल विकले गेले की पुढच्या पेरण्या लांबतात, आणि 2012-13 मध्ये जालना जिल्ह्यात जळाल्या तशा मोसंबीच्या बागा गेल्या, तर नव्या झाडांना फळ धरायला चार-पाच वर्षे लागतात. चांगला पाऊसही नेहमी उत्पन्न वाढवतोच असे नाही, ही बाजू सहसा दुर्लक्षिली जाते. 2014 व 2015 च्या सलग अवर्षणानंतर तुरीचे भाव कडाडले. त्या भावाकडे पाहून 2016 मध्ये पेरा वाढला, पाऊसही साथीला आला, आणि राज्यातील उत्पादन कित्येक पटींनी वाढून बाजारातील दर हमीभावाखाली घसरले.