विलायतीवरची जकात: गटारीच्या दिवशी झालेल्या कराराची पार्श्वभूमी

भारत-ब्रिटन व्यापार करारावर लंडनजवळ सह्या झाल्या तो दिवस २४ जुलै २०२५. पंचांगात त्या दिवशी आषाढ अमावास्या होती, म्हणजे आपली गटारी. एकच पंचाईत होती, वार गुरुवार. दत्ताचा वार सांभाळणाऱ्या मुंबईकरांनी आदल्या बुधवारीच उरकून घेतलं होतं. तिकडे दोन्ही देशांचे व्यापारमंत्री पीयूष गोयल आणि जोनाथन रेनल्ड्स सह्या करत होते, पंतप्रधान मोदी आणि स्टार्मर साक्षीला होते आणि इकडे व्हॉट्सॲपवर करारातलं एकच कलम फिरत होतं: स्कॉचवरची आयात जकात १५० टक्क्यांवरून ७५ वर येणार, आणि दहाव्या वर्षी ४० वर. खाली ठरलेला प्रश्न, ‘मग ब्लॅक लेबल आता केवढ्याला?’

जकात निम्मी म्हणजे बाटली निम्म्या किमतीत, असा हिशोब अनेकांनी मनात मांडला. तो चुकतो, आणि का चुकतो हे कळायला मागे जावं लागतं. मुंबईत विलायती दारूची किंमत एकटी दिल्ली ठरवत नाही. घटनेच्या सातव्या परिशिष्टात सीमाशुल्क केंद्राकडे आहे, दारू मात्र राज्यांकडे. तिचं उत्पादन, विक्री आणि तिच्यावरचं उत्पादन शुल्कसुद्धा. २०१७ साली जीएसटी आला तेव्हा बिस्किटापासून विमान तिकिटापर्यंत जवळजवळ सगळं त्यात गेलं, पेट्रोल-डिझेलसारख्या मोजक्या वस्तूंबरोबर पिण्याची दारू बाहेर राहिली. राज्यांनी ती सोडलीच नाही. त्यामुळे न्हावाशेवा बंदरात उतरलेल्या बाटलीला दादरच्या वाइन शॉपपर्यंत पोचेस्तोवर दोन वेगवेगळ्या सरकारांना दक्षिणा द्यावी लागते.

महाराष्ट्राचं दारूशी नातं तर मुळात बंदीचं. मुंबई शहरात पहिली दारूबंदी १ ऑगस्ट १९३९ रोजी आली. बाळासाहेब खेरांचं काँग्रेस मंत्रिमंडळ होतं आणि अबकारी खातं सांभाळत होते डॉ. गिल्डर, स्वतः पारशी. शहरातले कितीतरी दारू-ताडीचे गुत्ते पारशांच्या मालकीचे, त्यामुळे त्यांच्या समाजातून मोठा विरोध झाला. युद्ध सुरू झालं, मंत्रिमंडळानं राजीनामा दिला आणि ती बंदी ढिली पडली. स्वातंत्र्यानंतर मोरारजी देसाई गृहमंत्री असताना १९४९ चा मुंबई दारूबंदी अधिनियम झाला आणि एप्रिल १९५० पासून सगळ्या प्रांतात बंदी लागू झाली.

त्या कायद्याला आव्हान देणारे एफ. एन. बलसारा हे मुंबईकरच. आपल्याला व्हिस्की, ब्रँडी, बिअर बाळगू आणि पिऊ द्यावी, झालंच तर औषधी वाइन आणि यू-डी-कोलोनही वापरू द्यावं, अशी त्यांची मागणी होती. १९५१ साली सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला. औषधं आणि अत्तरांसारख्या वस्तूंपुरती बंदी रद्द झाली, व्हिस्कीवरची कायम राहिली. घटनेचा अभ्यास करणाऱ्यांना हा खटला आजही वाचावा लागतो. पिणाऱ्यांना तो माहीत नसतो, पण त्याच कायद्याखाली ते रोज बसतात. साठच्या दशकात आणि मग सत्तरीच्या सुरुवातीला सरकारनं दारूबंदी सैल केली, मात्र कायदा रद्द केला नाही. म्हणून आपल्याकडे बार नसतो, ‘परमिट रूम’ असते. कागदोपत्री आजही महाराष्ट्रात पिण्यासाठी परवाना लागतो, एक दिवसाचा, वर्षाचा किंवा आयुष्यभराचा, आणि व्हिस्कीसाठी वयाची २५ वर्षं पूर्ण व्हावी लागतात. वाइन शॉपच्या जाळीतून क्वार्टर घेताना हा परवाना कुणी मागितल्याचं मला आठवत नाही.

बंदीच्या त्या वर्षांत गरिबाला हातभट्टी आणि आंटीचा अड्डा होता. स्कॉच ही वेगळीच चीज. परकीय चलनाचा दुष्काळ, आयातीला लायसन्स, त्यामुळे खरी स्कॉच दिसायची ती पंचतारांकित हॉटेलात, वकिलातीच्या मेजवानीत, नाहीतर बोटीवरच्या माणसाच्या बॅगेत. बाकीची समुद्रातून चोरवाटेनं यायची, सोनं आणि घड्याळांच्या संगतीनं. गिरगावच्या चाळींत एखादा मामा ‘गल्फ’हून यायचा, बाटली काचेच्या शोकेसमध्ये बसायची आणि दिवाळीला बोटभर वाटली जायची. संपल्यावर तिच्यात मनी प्लँट लागायचा. लावला नाही तर कबाडी साध्या बाटलीच्या कितीतरी पट भाव द्यायचा, आणि तो का देतो हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्याच बाटलीत काहीतरी भरून ती पुन्हा बाजारात येणार. जाणती माणसं म्हणूनच लेबल फाडून बाटली टाकत. काळ्या बाजाराची ही सवय महाग जकातीनं लावली, हे पुढे सरकारलाही मान्य करावं लागलं, पण त्याला वेळ लागला.

आयातीवरची संख्येची बंधनं उठवा म्हणून अमेरिका जागतिक व्यापार संघटनेत गेली आणि तिथे भारत हरला. १ एप्रिल २००१ रोजी शेवटच्या ७१५ वस्तूंवरची बंधनं गेली. दार उघडलं खरं, पण उंबरठा छातीएवढा केला. मूळ सीमाशुल्काच्या जोडीला केंद्रानं दारूवर ‘अतिरिक्त सीमाशुल्क’ बसवलं. युक्तिवाद असा की देशी माल राज्यांचं उत्पादन शुल्क भरतो, तर परदेशी मालानंही तेवढा भार सोसावा. दोन्ही मिळून काही बाटल्यांवरचा बोजा ५५० टक्क्यांपर्यंत जायचा. युरोपीय समुदायानं २००६ साली तक्रार केली, पाठोपाठ २००७ मध्ये अमेरिकेनं. जुलै २००७ मध्ये केंद्रानं हे अतिरिक्त शुल्क काढून टाकलं आणि १५० टक्के मूळ शुल्क तेवढं राहिलं.

स्कॉटलंडमध्ये तेव्हा पेले उंचावले गेले असतील तर ते घाईचे ठरले. केंद्रानं सोडलेली जागा राज्यांनी लगेच भरली. महाराष्ट्रानं आयात दारूवर विशेष शुल्क लावलं. सप्टेंबर २००८ मध्ये युरोपीय समुदायानं पुन्हा तक्रार नोंदवली. या वेळी तिच्यात तीन राज्यांची नावं होती: महाराष्ट्र, गोवा आणि तमिळनाडू. आपलं उत्पादन शुल्क खातं जिनिव्हाला, जागतिक व्यापार संघटनेच्या कागदपत्रांत पोचलं ते असं. माझ्या मते या सगळ्या इतिहासातली हीच गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. दिल्लीनं कर उतरवला म्हणून मुंबईत बाटली स्वस्त होतेच असं नाही. मधली जागा मंत्रालय खाऊ शकतं.

उलटंही झालंय. नोव्हेंबर २०२१ मध्ये दिल्लीनं काहीच केलं नव्हतं, सीमाशुल्क १५० टक्क्यांवर ठाम होतं (त्याच वर्षीच्या अर्थसंकल्पात केंद्रानं त्यातले १०० टक्के कृषी पायाभूत सुविधा उपकराच्या नावे वळते केले, एवढाच बदल, म्हणजे ब्लॅक लेबल पिणारा नकळत गोदामांना हातभार लावू लागला). आणि तरीही मुंबईत स्कॉच झपकन उतरली, कारण राज्यानं आयात स्कॉचवरचा कर उत्पादनमूल्याच्या ३०० टक्क्यांवरून १५० टक्क्यांवर आणला. कारण सरकारनंच सांगितलं: दुसऱ्या राज्यांतून होणारी तस्करी आणि बनावट माल. दिल्लीहून येणारा प्रत्येक जण बॅगेत दोन बाटल्या आणत होता. गोव्याची सरहद्द तर आपल्याला लागूनच, इन्सुली नाक्यावर रोजचं धरपकडीचं नाटक. महाराष्ट्राला आयात स्कॉचमधून वर्षाला जेमतेम १०० कोटी मिळत होते. कर निम्मा केल्यावर खप एक लाख बाटल्यांवरून अडीच लाखांवर जाईल आणि उत्पन्न २५० कोटी होईल, असा खात्याचा अंदाज होता. पिणाऱ्यांनी दुकानात जो फरक पाहिला तो मंत्रालयानं घडवला होता.

आता हिशोब. समजा एक बाटली न्हावाशेवाला ५०० रुपयांना उतरली. १५० टक्के जकातीनं ती १,२५० रुपयांची होते. ७५ टक्क्यांनी ८७५, आणि दहा वर्षांनी ४० टक्क्यांनी ७००. म्हणजे पहिल्या टप्प्यात वाचतात ३७५ रुपये. पण ही बंदरातली किंमत झाली. हिच्यावर राज्याचा कर, मग आयातदार, वितरक आणि दुकानदार यांचा नफा, वर व्हॅट. शेवटी वाइन शॉपमध्ये बाटलीवर छापलेल्या आकड्याच्या तुलनेत ३७५ रुपये कळतात, डोळ्यात भरत नाहीत. शिवाय ही सवलत करार अंमलात आल्यानंतरची. बर्बन या अमेरिकी व्हिस्कीवाल्यांनी तर वेगळाच रस्ता काढला: फेब्रुवारी २०२५ मध्ये मोदींच्या वॉशिंग्टन भेटीच्या तोंडावर बर्बनवरची जकात १५० वरून १०० टक्क्यांवर आली, कुठल्याही कराराशिवाय.

यात आणखी एक बारकावा आहे. मुंबईकर ज्याला ‘स्कॉच’ म्हणतो त्यातली बरीचशी स्कॉटलंडहून पिंपात येते आणि इथे बाटलीत भरली जाते. तिची उतराई किंमत कमी, म्हणून जकातीचा आकडाही कमी. दुकानदार तिला ‘इंडियन बॉटलिंग’ म्हणतो आणि जाणकार मामा नाक मुरडतो. नाशिकजवळ दिंडोरीला बनणाऱ्या ब्रँडांत काय, किंवा इतर काही देशी ब्रँडांत काय, धान्याच्या स्पिरिटमध्ये थोडी स्कॉच मॉल्ट मिसळलेली असते. तीही आयातच. म्हणजे जकात उतरली की फायदा फक्त ग्लेनफिडिचवाल्याला नाही, रॉयल स्टॅगच्या कारखान्यालाही. ग्राहकापर्यंत तो पोचेल की मधेच मुरेल, हे कंपनी ठरवणार.

आणि गंमत पाहा. लंडनच्या सहीच्या सहा आठवडे आधी, १० जून २०२५ रोजी, राज्य मंत्रिमंडळानं देशात बनणाऱ्या विदेशी मद्यावरचं उत्पादन शुल्क, लिटरला २६० रुपयांपर्यंत उत्पादनमूल्य असलेल्या मालावर, त्या मूल्याच्या तिप्पटीवरून साडेचारपट केलं. वर्षाला १४ हजार कोटींची भर अपेक्षित होती. १८० मिलीची साधी इंग्लिश क्वार्टर किमान २०५ रुपयांची झाली. देशी ८०, आणि ‘महाराष्ट्र मेड लिकर’ नावाचा नवा धान्याचा प्रकार १४८. बारमधला व्हॅट २०२३ मध्येच पाचाचा दहा टक्के झाला होता. १४ जुलैला बारमालकांनी राज्यभर एक दिवस शटर पाडलं. लंडनच्या सहीला तेव्हा दहा दिवस उरले होते.

म्हणजे एकाच उन्हाळ्या-पावसाळ्यात वरच्या फळीवरची बाटली स्वस्त करण्याचं ठरलं आणि खालच्या फळीवरची खरोखर महागली. आकड्यात सांगायचं तर, २०२२ साली स्कॉचच्या २१ कोटी ९० लाख बाटल्या घेऊन भारत जगात पहिला आला, फ्रान्सच्याही पुढे. तरीही आपल्याकडच्या एकूण व्हिस्कीत स्कॉचचा वाटा दोनेक टक्क्यांचा. उरलेले ९८ टक्के क्वार्टर, हाफ आणि खंबा या मापांत मोजले जातात, आणि त्यांच्या किमतीचा लंडनच्या सहीशी फारसा संबंध नाही.

विमानतळावर मात्र जुनी रांग अजून तशीच आहे. दुबईहून उतरलेला माणूस नियमाप्रमाणे दोन लिटर आणू शकतो आणि सोबतच्या, न पिणाऱ्या बायकोच्या नावावर आणखी दोन.