भंडारदऱ्याला मुलाबाळांसह तंबूत राहायला येताना
आमच्याकडे येणाऱ्या कुटुंबांसाठी माहितीपत्रक

आमचा तळ भंडारदरा धरणाच्या जलाशयाकाठी, शेंडी गावाच्या पुढे, आमच्याच शेतजमिनीवर आहे. गाडीनं फिरायला निघालेली, वाटेत एक-दोन रात्री थांबणारी कुटुंबं इथं येतात. बहुतेकांची तंबूत झोपण्याची पहिलीच वेळ असते, आणि सोबत लहान मूल किंवा आजी-आजोबा असतात. हे पत्रक त्यांच्यासाठी आहे. निघण्याच्या आदल्या दिवशी घरात एकदा मोठ्यानं वाचा, मुलांनाही ऐकू द्या.

उजेडात पोचा

आमचा सगळ्यात मोठा आग्रह हाच आहे. डिसेंबरात इथं सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, मे महिन्यात सातच्या आसपास. त्याच्या किमान तासभर आधी गाडी तळावर लागलेली असावी. घोटीहून पुढचा रस्ता वळणांचा आहे, त्यावर दिवे नाहीत, आणि संध्याकाळी गुरं घरी परततात तेव्हा रस्ता त्यांचाच असतो. दुसरं कारण आम्हाला जास्त महत्त्वाचं वाटतं. मुलानं उजेडात तंबू पाहिला, आत-बाहेर केलं, चेन उघडून लावून बघितली, संडास कुठं आहे आणि पाणी कुठून सुरू होतं हे स्वतः चालत जाऊन पाहिलं, की रात्री ते निर्धास्त झोपतं. अंधारात पोचलेलं मूल पहिल्या रात्री रडतं आणि आई-वडिलांनाही झोपू देत नाही.

मुंबई-ठाण्याहून येणाऱ्यांनी शनिवारी पहाटेच निघावं. कसारा घाट, इगतपुरी, मग घोटीला महामार्ग सोडायचा. पुढं बारी गाव लागतं. तिथं कळसूबाईचा पायथा आहे, १,६४६ मीटर उंचीचं राज्यातलं सर्वांत उंच शिखर. गाडी बाजूला घेऊन मुलांना ते जरूर दाखवा. पुण्याहून येणाऱ्यांना संगमनेर, अकोले, राजूर हा रस्ता सोयीचा. विदर्भ-मराठवाड्यातून आता समृद्धी महामार्गानं पुष्कळ कुटुंबं येतात. नागपूर ते मुंबईजवळच्या आमणेपर्यंतचा हा ७०१ किलोमीटरचा रस्ता जून २०२५ मध्ये पूर्ण खुला झाला. भरवीर किंवा इगतपुरीला उतरून घोटी गाठता येते. मात्र नागपूरहून लहान मुलांना घेऊन एका दमात येऊ नका. सरळ, एकसुरी रस्त्यावर चालकाचे डोळे उघडे राहतात आणि लक्ष मात्र झोपतं. दर दोन तासांनी थांबा आणि सगळ्यांनी खाली उतरून पाय मोकळे करा. शक्य असेल तर शिर्डीला किंवा छत्रपती संभाजीनगरला एक मुक्काम करा. टायरची हवा निघण्यापूर्वी, टायर गार असताना तपासा. जुने, झिजलेले टायर घेऊन त्या रस्त्यावर चढूच नका.

घाटात गाडी लागणाऱ्या मुलांना निघताना हलकं खायला द्या. उपाशीही ठेवू नका आणि पोट तुडुंबही भरू नका. वळणं सुरू झाली की मोबाइल काढून घ्या, समोर लांब बघायला सांगा. आवळासुपारी किंवा आलेपाक हाताशी असू द्या. पेट्रोल घोटीला किंवा राजूरला भरून घ्या.

एक रात्र की दोन?

आम्ही नेहमी दोन रात्री सुचवतो. त्यात आमचा धंदा आहेच, पण कारण वेगळं आहे. एका रात्रीच्या मुक्कामात पहिली संध्याकाळ सामान उतरवण्यात आणि दुसरी सकाळ आवरण्यात जाते. मुलांना काठावर बसून खेकडा कुठल्या बिळात गेला ते बघायला वेळच मिळत नाही. दुसरी रात्र जमणार नसेल तर निदान वाटेतली एक-दोन ठिकाणं गाळा आणि दुपारीच पोचा.

तंबूत काय असतं

चार जणांचा तंबू, आत गाद्या, उशा, गोधड्या आणि एक चार्जिंगचा दिवा. तंबू दगडी ओट्यावर आहेत, त्यामुळं जमिनीची ओल वर येत नाही. थंडी मात्र वरून जेवढी लागते तेवढीच खालून लागते. डिसेंबर-जानेवारीत एक गोधडी अंगाखाली घ्या, फक्त अंगावर घेऊन भागत नाही. मुलांना कानटोपी आणि पायमोजे घालूनच झोपवा.

सकाळी तंबूच्या आतल्या बाजूला पाण्याचे थेंब दिसतात, आणि तंबू गळतो असं पुष्कळांना वाटतं. ते पाणी तुमच्याच श्वासातलं असतं. चार माणसांच्या श्वासातली वाफ गार कापडाला लागून रात्रभर साचते. म्हणून वरची जाळीची खिडकी थंडीतही थोडी उघडी ठेवा आणि गाद्या कापडाला टेकवू नका.

एक गोष्ट अगदी निक्षून सांगतो. तंबूत शेगडी, निखारे, मेणबत्ती, मच्छर अगरबत्ती यांपैकी काहीही न्यायचं नाही. विझत आलेल्या कोळशातूनही कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि झोपलेल्या माणसाला तो जागं होऊ देत नाही. गाडीच्या काचा बंद करून, इंजिन चालू ठेवून आत झोपणंही त्याच कारणानं धोक्याचं आहे. थंडी वाजली तर आम्हाला उठवा, आणखी गोधड्या आहेत.

संडास देशी आणि कमोड असे दोन्ही आहेत, तंबूंपासून मिनिटभराच्या अंतरावर, रात्रभर दिवा लागलेला. अंघोळीला बंबाचं गरम पाणी सकाळी साडेसहापासून मिळतं. मोबाइल चार्ज करायची सोय स्वयंपाकघराच्या पडवीत आहे. रेंज कधी असते, कधी नसते, त्यामुळं घरी आधीच कळवून ठेवा.

पाणी

हा भाग कृपया दोनदा वाचा.

प्रवरा नदीवरचं भंडारदरा धरण, म्हणजे विल्सन डॅम, १९२६ साली पूर्ण झालं. त्यामागच्या जलाशयाला आर्थर लेक म्हणतात. वरून शांत, निळं दिसणारं हे पाणी म्हणजे एक बुडालेली दरी आहे. खाली जुन्या शेतांचे बांध आहेत, ओढ्यांच्या घळी आहेत. एक पाऊल गुडघाभर पाण्यात पडतं आणि पुढचं डोक्यावरून. काठाला गाळ असतो, त्यात पाय रुतला की पोहता येणारा मोठा माणूसही घाबरतो. सिंचनासाठी पाणी सोडलं की पातळी उतरते, म्हणून ऑक्टोबरात पाहिलेला काठ मे महिन्यात तोच राहत नाही. गेल्या खेपेला इथं पाय बुडवले होते, या आठवणीवर विसंबू नका.

आमच्या तळावरून जलाशयात पोहायला उतरू दिलं जात नाही. पोहण्यात पटाईत असलेल्यांनाही नाही. होडीतून फेरी होते, त्यासाठी प्रत्येकाला लाइफ जॅकेट घालावंच लागतं. मुलांच्या मापाची जॅकेटं वेगळी आहेत. मोठ्याचं जॅकेट मुलाला घातलं तर पाण्यात ते वर सरकतं आणि मूल खालून निसटतं. म्हणून पायांमधून येणारा पट्टा बांधल्याशिवाय आम्ही होडी सोडत नाही.

मोठी मंडळी जास्त असली की मुलांवर लक्ष कमी राहतं. दहा जणांच्या घोळक्यात प्रत्येकाला वाटतं, दुसरा कोणी बघतोय. त्यामुळं काठावर असताना एका मोठ्या माणसाचं नाव ठरवा: आता अर्धा तास काका, मग मावशी. त्या वेळेत त्या माणसाच्या हातात मोबाइल नको आणि पत्तेही नकोत. बुडणारं मूल बहुतेक वेळा ओरडत नाही, हात हलवत नाही, कारण श्वास घेण्यातच त्याची शक्ती जाते. कोणी पाण्यात पडलंच तर मागोमाग उडी मारू नका. काठावरच्या खांबाला दोर आणि हवेची ट्यूब टांगलेली आहे, ती फेका आणि आम्हाला हाक मारा.

काजवे

मेच्या मध्यापासून पाऊस चांगला लागेपर्यंत, साधारण जूनच्या पंधरवड्यापर्यंत, या भागात काजवे दिसतात. हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ, आंबा, उंबर अशा झाडांवर हजारो काजवे एका लयीत लुकलुकतात. एक झाड पेटतं, विझतं, मग शेजारचं. मुलांनी एकदा तरी हे पाहावं असं आम्हाला मनापासून वाटतं. ते पुढंही दिसत राहावं म्हणून आमचे नियम कडक आहेत.

काजव्याचा उजेड ही जोडीदाराला घातलेली साद असते. नर उडत उडत चमकतो, मादी बहुधा गवतात किंवा खालच्या झुडपात बसून उत्तर देते. पंख फुटलेल्या काजव्याचं आयुष्य जेमतेम दोन-तीन आठवड्यांचं, आणि तेवढ्यात त्याला जोडी जमवायची असते. तिथं बॅटरीचा किंवा गाडीचा पांढरा झोत पडला की ती साद तुटते. म्हणून त्या दिवसांत तळावर शेकोटी नसते आणि बॅटऱ्यांना आम्ही लाल कागद लावून देतो. झाडाखालचं गवत तुडवू नका, मादी तिथंच असते आणि मातीत गोगलगायी खाणाऱ्या अळ्याही असतात. काजवे बाटलीत भरून घेण्याचा हट्ट मुलं करतात. त्यांना वरचं कारण सांगा, बहुतेक मुलं लगेच समजतात. मोबाइलनं फोटो फारसे येत नाहीत, आणि फ्लॅश तर मुळीच नको.

हा सगळा परिसर कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचा आहे. वनखात्याच्या नाक्यावर प्रवेशशुल्क भरावं लागतं, काजव्यांच्या दिवसांत वेळेचं बंधनही असतं. शनिवार-रविवारी गाड्यांची रांग लागते आणि त्या दिव्यांनी काजवे बुजतात. सुट्टी मिळत असेल तर सोमवार ते गुरुवार या.

जेवण

स्वयंपाक शेजारच्या वाडीतल्या मावश्या करतात: नाचणीची किंवा तांदळाची भाकरी, पिठलं, ठेचा, वालाची किंवा हुलग्याची उसळ, भात. मांसाहारी जेवण हवं असेल तर आदल्या दिवशी सांगा. मुलांसाठी बिनतिखटाचं वरण, भात, तूप रोज असतं. तान्ह्या बाळांचं दूध रात्री कितीही वाजता गरम करून मिळेल. अकोले तालुका गावरान वाणांसाठी ओळखला जातो. २०२० साली पद्मश्री मिळालेल्या बीजमाता राहीबाई पोपेरे याच तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या. जेवणातला वाल वेगळा लागला तर तो कुठल्या वाणाचा आहे हे मावश्यांना विचारा, त्या हौसेनं सांगतात.

खाऊ तंबूत ठेवू नका. मुंग्या येतात, माकडं येतात, आणि खाऊच्या मागं उंदीर आला की त्याच्या मागं सापही येतो. डबे पडवीतल्या कपाटात ठेवायची सोय आहे.

साप, विंचू आणि दवाखाना

तंबूची चेन आत असताना आणि बाहेर जाताना, दोन्ही वेळा पूर्ण लावा. या एका सवयीनं बहुतेक धोका टळतो. मण्यार रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाच्या अंथरुणात शिरू शकते. तिचा दंश फारसा दुखत नाही, सुजत नाही, त्यामुळं लक्षातही येत नाही. बूट घालण्यापूर्वी उलटे करून झटका. रात्री बाहेर पडताना पायात बूट आणि हातात बॅटरी हवीच. साप चावल्याची शंका आली तरी कापणं, चोखणं, घट्ट बांधणं यातलं काही करू नका. त्या माणसाला हलू न देता आम्हाला उठवा. आमची गाडी रात्रभर तयार असते आणि सरकारी ग्रामीण रुग्णालय राजूरला आहे. १०८ हा रुग्णवाहिकेचा क्रमांक मुलांनाही पाठ करून ठेवा.

रात्री दहानंतर

स्पीकर रात्री दहा ते सकाळी सहापर्यंत बंद. ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम तेच सांगतात, आणि शेजारच्या तंबूत बाळ झोपलेलं असतं. आमच्या तळावर दारू चालत नाही, त्यावर चर्चा नको. अमावास्येच्या आसपास आलात तर हिवाळ्यात मृग, व्याध, कृत्तिका स्वच्छ दिसतात. १३-१४ डिसेंबरच्या रात्री मिथुन राशीतून उल्कावर्षाव होतो. मुलांना चटईवर उताणं झोपवा, गोधडी घाला, आणि डोळे अंधाराला सरावायला वीस मिनिटं द्या.

दिवसा कुठं जावं

रतनवाडीचं अमृतेश्वर मंदिर आणि तिथली पुष्करणी सगळ्यांना जमण्यासारखी, आजी-आजोबांनाही. कोरीव काम बघायला सकाळची उन्हं चांगली. रंधा धबधबा कठड्याच्या अलीकडूनच बघा. कळसूबाईला लोखंडी शिड्या आहेत, चालायची सवय असलेल्या मोठ्या मुलांनाच न्या आणि पहाटे सुरुवात करा. सांदण दरी लहान मुलांसाठी नाही, आणि पावसात तर कोणासाठीच नाही.

नोंदणी करताना

जुलै-ऑगस्टमध्ये तंबू बंद असतात. इथल्या पावसात कुठलाही तंबू मुलांना कोरडं ठेवू शकत नाही. इतर वेळी येण्याच्या सात दिवस आधी रद्द केलंत तर पूर्ण पैसे परत, त्यानंतर निम्मे. हवामानखात्यानं लाल इशारा दिला तर आम्हीच नोंदणी रद्द करतो आणि सगळे पैसे परत देतो. तंबू दुपारी दोनपासून तयार असतो, निघायच्या दिवशी अकराला रिकामा करावा.

आम्हाला आधी एवढं कळवा: मुलांची वयं, म्हणजे जॅकेटं त्या मापाची काढून ठेवता येतील. कुणाला शेंगदाणे, दूध किंवा आणखी कशाचं वावडं आहे का. कुणाचे गुडघे दुखतात का, म्हणजे संडासाजवळचा तंबू आणि खाट ठेवू. आणि घरातून किती वाजता निघणार. घोटीला पोचलात की एक फोन करा, तिथून पुढं रेंज जाते.