लोकनियंत्रित निधीवाटप : पाणी आणि हवामान न्याय (नाशिक जिल्हा)

लोकनियंत्रित निधीवाटप : पाणीटंचाईची किंवा बिघडलेल्या हवामानाची झळ ज्यांना बसते, त्यांनीच निधी कुठे, कशावर आणि कोणासाठी खर्च करायचा हे ठरवण्याची पद्धत. पैसा शासनाचा, देणगीदाराचा किंवा कंपनीचा असतो. पण कामाची निवड, रकमेची वाटणी आणि हिशेबाची तपासणी लोकांच्या सभेकडे किंवा सभेने नेमलेल्या समितीकडे राहते. ‘लोकसहभाग’ या सरकारी कागदांवरच्या लाडक्या शब्दापेक्षा ही कल्पना वेगळी आहे. लोकसहभागात काम आधीच ठरलेले असते, लोकांनी श्रमदान, वर्गणी आणि अंगठा तेवढा द्यायचा. इथे ‘हे काम नको, ते करा’ असे म्हणण्याचा अधिकारही लोकांचा असतो.

जगात या विचाराची बरीच रूपे आहेत. ब्राझीलमधील पोर्तो अलेग्रे शहराने १९८९ पासून नगरपालिकेच्या अंदाजपत्रकाचा काही भाग नागरिकांच्या सभांकडे सोपवला. केरळने १९९६ च्या लोकयोजना मोहिमेत राज्याच्या योजना निधीतील सुमारे ३५ ते ४० टक्के रक्कम स्थानिक संस्थांकडे वळवली. पुणे महापालिकेत २००६ पासून नागरिकांच्या सूचना अंदाजपत्रकात घेतल्या जाऊ लागल्या. हवामान निधीबाबत केनियातील इसिओलो परगण्याचा प्रयोग लक्षणीय आहे : निवडून आलेल्या प्रभाग समित्यांनी जनावरांच्या पाणवठ्यांपासून कामे निवडायची आणि निधीचा मोठा वाटा त्यांच्याच शब्दावर खर्च व्हायचा. हवामानाच्या नावाने जगभर जमा होणाऱ्या पैशातला फार थोडा पैसा गावपातळीपर्यंत पोहोचतो, ही तक्रार या सगळ्या प्रयोगांच्या मुळाशी आहे.

नाशिक जिल्ह्यात हा विषय पाण्यापासून सुरू होतो. पश्चिमेच्या सह्याद्री पट्ट्यात, इगतपुरी, त्र्यंबकेश्वर, पेठ, सुरगाणा या भागांत, पाऊस दोन हजार मिलिमीटरच्या वर जातो. पूर्वेकडे येवला, नांदगाव आणि सिन्नरच्या पूर्व भागात तो पाचशेच्या आसपास रेंगाळतो. टँकर मात्र दोन्हीकडे लागतो. पश्चिमेला काळा कातळ आणि तीव्र उतार; पडलेले पाणी थांबत नाही, दमणगंगा, नार, पार या नद्यांतून गुजरातकडे निघून जाते. एप्रिल-मेमध्ये पेठ-सुरगाण्याच्या पाड्यांवर ओहोळाच्या कोरड्या पात्रात झिरा उकरलेला असतो. वाटीने किंवा करवंटीने पाणी उपसायचे, कळशीत ओतायचे, पुन्हा पाझरेपर्यंत खड्ड्याच्या काठावर बसून राहायचे. एक हंडा भरायला लागणारा हा वेळ कोणत्याही अंदाजपत्रकात धरलेला नसतो.

फडाची रीत : पाण्याची आणि तोट्याचीही वाटणी गावाने करायची, हे या भागाला नवे नाही. बागलाण-मालेगाव भागातील मोसम आणि तिच्या शेजारच्या नद्यांवर, तसेच धुळे जिल्ह्यातील पांझरेवर, काही शतकांपासून फड पद्धत चालत आली. नदीवर बंधारा, बंधाऱ्यातून पाट आणि पाटाखालच्या जमिनीचे तीन-चार फड. एका फडात एकच पीक, दरवर्षी पिकाची फेरपालट. पाणी सोडायला पाटकरी, राखणीला जागले. त्यांचा मोबदला शेतकऱ्यांनी धान्याच्या रूपाने द्यायचा. हंगामाआधी पाट साफ करायला घरटी माणूस. खरी मेख जमिनीच्या रचनेत होती : शेतकऱ्याची जमीन शक्यतो प्रत्येक फडात थोडी थोडी असे. बंधाऱ्याला पाणी कमी आले की एखादा फड कोरडा ठेवायचा, म्हणजे तोटा सगळ्यांच्या वाट्याला सारखा. वरची मोठी धरणे, वैयक्तिक विहिरी आणि इंजिन-मोटारी आल्यावर ही रीत बऱ्याच ठिकाणी मोडली. तरीही फडाला आदर्श मानण्याची घाई करू नये. ज्याच्या नावे पाटाखाली तुकडा नव्हता तो या न्यायाच्या बाहेरच होता.

हीच त्रुटी ओळखून पुणे जिल्ह्याच्या पुरंदर तालुक्यातील नायगाव येथे विलासराव साळुंखे यांनी १९७२ च्या दुष्काळानंतर पाणी पंचायतीचा प्रयोग उभा केला. पाण्याचा हक्क जमिनीच्या एकरांवर नाही, घरातल्या माणसांवर, भूमिहीनालाही वाटा, ऊस नाही, जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जाणार नाही, आणि योजनेच्या खर्चाचा पाचवा हिस्सा सभासदांचा. नाशिकमधील पुढच्या प्रयोगांकडे पाहताना हा नियम हाताशी ठेवलेला बरा : पैसा आणि पाणी सातबाऱ्यामागे जाते की माणसामागे?

वाघाड : दिंडोरी तालुक्यातील वाघाड प्रकल्प हा जिल्ह्यातला, आणि बहुधा राज्यातलाही, सर्वांत अभ्यासला गेलेला दाखला आहे. कालव्याच्या शेपटाकडच्या ओझर परिसरातील शेतकऱ्यांपर्यंत पाणी पोहोचत नसे. बापू उपाध्ये, भरत कावळे आणि समाज परिवर्तन केंद्राच्या कार्यकर्त्यांनी तेथे १९९० च्या सुमारास महात्मा फुले, जय योगेश्वर आणि बाणगंगा या तीन पाणीवापर संस्था उभ्या केल्या. पुढे संपूर्ण लाभक्षेत्रात अशा २४ संस्था झाल्या आणि २००३ मध्ये त्यांची प्रकल्पस्तरीय संस्था स्थापन होऊन धरणाखालचे सारे व्यवस्थापन शेतकऱ्यांकडे आले. महाराष्ट्र सिंचन पद्धतीचे शेतकऱ्यांकडून व्यवस्थापन अधिनियम, २००५ हा कायदा आला तेव्हा वाघाडचा अनुभव समोर होता.

संस्थेचे अर्थकारण साधे आहे. शासनाकडून पाणी घनमापन पद्धतीने, म्हणजे मोजून, ठोक घ्यायचे. सभासदांकडून पाणीपट्टी संस्थेने ठरवलेल्या दराने गोळा करायची. शासनाचे भरून उरलेल्या रकमेतून चाऱ्यांची (पोटकालव्यांची) दुरुस्ती, दरवाजे, पाटकऱ्याचा पगार. पूर्वी पाणी मागणीचा नमुना ७ चा अर्ज घेऊन कालवा निरीक्षकाची वाट पाहणारा शेतकरी आता गावातल्या कार्यालयात जातो, आणि भांडायचे असेल तर तिथेच भांडतो. कायद्याने संचालक मंडळात कालव्याच्या वरच्या, मधल्या आणि शेपटाच्या भागांना जागा दिल्या आहेत, स्त्रियांनाही. ‘टेलचा माणूस’ हा शब्द या भागात सहानुभूतीने वापरला जातो. पाण्याची पाळी शेपटाकडून सुरू केली तर वरच्याला चोरायला कारण उरत नाही, असे जुने पाटकरी सांगतात. ओझरच्या संस्थांनी नाल्यांवरील बंधारेही कालव्याच्या पाण्याने भरून विहिरींना पाझर मिळवून दिला. आज तिथे दिसणाऱ्या द्राक्षबागांमागे ही मेहनत आहे.

पण सभासदत्व लाभक्षेत्रातल्या जमिनीवर मिळते. सातबाऱ्यावर नाव नसलेली बाई शेतात पाणी भरत असली तरी सभासद नसते. त्या द्राक्षबागांत छाटणीला आणि थिनिंगला (घडातले मणी विरळ करायला) पेठ-सुरगाण्याहून येणारी जोडपी तर कुठल्याच यादीत नसतात. अवकाळी पाऊस आणि गारपीट झाली की पंचनामा क्षेत्राचा होतो, भरपाई हेक्टरी मिळते. बाग झोपल्यामुळे ज्याची पंधरा दिवसांची मजुरी बुडाली, त्याचा पंचनामा कोणी करत नाही. हवामान न्याय हा जड शब्द दिंडोरी-निफाडच्या मजूर अड्ड्यावर इतका सोपा होऊन उभा असतो.

ग्रामसभेचा पैसा : या दृष्टीने पश्चिम पट्ट्यातील ग्रामसभा अधिक महत्त्वाची ठरते, कारण तिची यादी मतदारांची आहे, खातेदारांची नाही. पेठ, सुरगाणा व कळवण हे तालुके आणि दिंडोरी, इगतपुरी, त्र्यंबकेश्वर, बागलाण, नाशिक येथील काही गावे अनुसूचित क्षेत्रात येतात. तेथे आदिवासी भागातील ग्रामसभांना अधिकार देणारा १९९६ चा पेसा कायदा आणि महाराष्ट्राचे २०१४ चे नियम लागू आहेत. २०१५ पासून राज्याच्या आदिवासी उपयोजनेतील ५ टक्के रक्कम अबंध निधी म्हणून थेट अशा ग्रामपंचायतींना मिळू लागली. तिचे चार भाग आहेत : पायाभूत सुविधा, वनहक्क व पेसाची अंमलबजावणी, आरोग्य, स्वच्छता व शिक्षण, आणि वनीकरण, जलसंधारण, वन्यजीव व वनउपजीविका. आराखडा ग्रामसभेने करायचा, पैसे ग्रामसभा कोष समितीने सांभाळायचे. लोकनियंत्रित निधीवाटपाच्या व्याख्येत महाराष्ट्रात जर काही नेमके बसत असेल तर ते हेच.

कागदावर. प्रत्यक्षात एका ग्रामपंचायतीत पाच-सात पाडे असतात आणि सभा सरपंचाच्या गावात भरते. दूरच्या पाड्यावरची बाई सकाळी झिऱ्यावर असते, दुपारी सभेला पोहोचेपर्यंत सिमेंट रस्त्याचा ठराव झालेला असतो. ग्रामसभेआधी महिला सभा घेण्याची तरतूद आहे. ती गावात झाली की वहीत झाली, हे त्या त्या गावावर. यावर नियमांतच एक उपाय आहे. पाडा स्वतःला वेगळे गाव म्हणून घोषित करून घेण्याची मागणी करू शकतो, म्हणजे त्याची स्वतःची ग्रामसभा होते. सभा झाडाखाली भरो की समाजमंदिरात, जिथे हंडा रिकामा आहे तिथेच ती भरली तर पहिल्या क्रमांकाचा ठराव विहिरीचा होतो. सभेची जागा बदलली की कामांचा क्रम बदलतो.

जलजीवन मिशनमध्ये (२०१९) गावांतर्गत कामाच्या खर्चाचा १० टक्के, आणि डोंगरी, वनक्षेत्रातील किंवा अनुसूचित जाती-जमातीबहुल गावांत ५ टक्के, लोकवाटा अपेक्षित आहे. पंधराव्या वित्त आयोगाच्या (२०२१-२६) अनुदानातही पिण्याच्या पाण्यासाठी बंधित, म्हणजे त्याच कामाला राखून ठेवलेला, हिस्सा होता. लोकवाट्याचा हेतू चांगला : पैसे घातले की माणूस विचारतो. मात्र वर्गणी सर्वांकडून सारखी घेणे म्हणजे समन्याय नव्हे. शेतात विहीर असलेल्याचे पाचशे रुपये आणि रोजगार हमीवर जाणाऱ्याचे पाचशे रुपये एकाच पावतीपुस्तकात लिहिले जातात.

तसाच प्रकार पाणलोटाच्या कामांत घडतो. इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमाने महाराष्ट्रात निधी थेट ग्राम पाणलोट समितीच्या खात्यावर देण्याचा पायंडा पाडला; बदल्यात श्रमदान, कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी. खाते गावाचे झाले, ही मोठी गोष्ट होती. पण चराईबंदीचा ठराव एकमताने होतो आणि शेळ्या असतात भूमिहीनाच्या. पाणी अडल्यावर वाढलेली पातळी विहीरवाल्याला मिळते. अशा गावात शेळीवाल्याला गवताचा वाटा किंवा चारा ठरवून देणारी समिती न्यायाच्या जवळ जाते. नुसती चर खोदणारी समिती चांगली ठेकेदार ठरते.

बाहेरचा पैसा : सातपूर, अंबड, सिन्नर येथील औद्योगिक वसाहतींमुळे नाशिकमध्ये कंपन्यांचा सामाजिक दायित्व निधी बराच आहे. कंपनी अधिनियम, २०१३ नुसार ठरावीक आकाराच्या कंपन्यांना सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम अशा कामांवर खर्च करावी लागते. शहरातून समाजमाध्यमांवर देणग्या जमवून, गावाचे श्रमदान घेऊन पाड्यांवर पाणी पोहोचवणाऱ्या संस्थाही आहेत. सिन्नर तालुक्यात युवा मित्र संस्थेने देवनदीवरील ब्रिटिशकालीन वळण बंधारे आणि पाट शेतकऱ्यांना बरोबर घेऊन पुन्हा चालू केले. जुन्या व्यवस्थेच्या दुरुस्तीला पैसा मिळणे दुर्मीळ, कारण दुरुस्तीवर कोनशिला बसवता येत नाही. कंपनीचे वर्ष ३१ मार्चला संपते. त्यामुळे निवड, काम आणि उद्घाटन मार्चअखेर उरकावे लागते, नेमके तेव्हाच झिरे आटायला लागतात आणि विहीर खरोखर किती खोल हवी ते कळू लागते.

घाईच्या मदतीचे काय होते, याचा दाखला त्र्यंबकेश्वर तालुक्यातील शेंद्रीपाडा येथे मिळतो. २०२१-२२ च्या हिवाळ्यात तास नदीवरच्या लाकडी बल्लीवरून हंडे घेऊन जाणाऱ्या स्त्रियांची छायाचित्रे प्रसिद्ध झाली. थोड्याच दिवसांत तेथे लोखंडी पूल बसला आणि त्यानंतरच्या पावसाळ्यात तो पुरात वाहून गेला. पुराची खूण कोणत्या दगडापर्यंत येते, हे पाड्यावरच्या कोणत्याही म्हाताऱ्या माणसाने सांगितले असते.

मर्यादा : काही प्रश्न गावाच्या कोषात मावत नाहीत. ऊर्ध्व वैतरणेचे पाणी मुंबईला जाते; ते धरण याच जिल्ह्यात आहे आणि भोवतालचे पाडे उन्हाळ्यात कोरडे असतात. महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण अधिनियम, २००५ मधील समन्यायी वाटपाच्या तरतुदीमुळे १५ ऑक्टोबरला गोदावरीवर खाली पैठणला असलेल्या जायकवाडी धरणाचा उपयुक्त साठा ६५ टक्क्यांच्या खाली असेल तर वरच्या, म्हणजे नाशिक-नगरच्या, धरणांतून पाणी सोडण्याचा प्रश्न येतो. प्राधिकरणाच्या २०१४ च्या आदेशाने आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या २०१६ च्या निकालाने हे सूत्र पक्के केले. तेव्हा दारणा-गंगापूरखालचा शेतकरी स्वतःला अन्यायग्रस्त म्हणतो आणि पैठणखालचा शेतकरी त्याला वरचा म्हणतो. खोऱ्याच्या हिशेबात नाशिक हेड, म्हणजे वरचे टोक, आहे, हे वाघाडच्या टेलवर वाढलेल्या माणसालाही पचवायला जड जाते.

दुसरी मर्यादा रोजची आहे. देणगी विहिरीला, टाकीला, सौर पंपाला मिळते. चालवण्याच्या खर्चाला कोणी देत नाही. वीजबिल थकले म्हणून बंद पडलेल्या नळयोजना पाहून पाड्यांनी सौर पंप मागितले, ते आलेही. कंट्रोलर बिघडला की तो खोलणारा माणूस नाशिकहून बोलवावा लागतो. कोष समितीच्या बैठकीत त्याच्या गाडीभाड्यावर अर्धा तास जातो, कारण आराखड्यातल्या चार बाबींपैकी ते नेमके कोणत्या बाबीत लिहायचे हे ग्रामसेवकालाही ठाऊक नसते. तोवर टाकीखाली रांगेत ठेवलेले हंडे उचलून बाया पुन्हा झिऱ्याकडे निघालेल्या असतात.